शुक्रावरचा फुगा आणि मांगरावरची ताडपत्री

मिरगाच्या आधीचा आठवडा. मागच्या मांगरावर (सामान ठेवायच्या खोपटावर) ताडपत्री चढवायचं काम चाललं होतं. शेजारचे तात्या शिडीवर, मी खाली दोरी धरून. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी शुक्र मोहिमेची बातमी पाठवली होती. ती वाचल्यापासून त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळत होता, तो त्यांनी वरूनच टाकला.

"काय गो, शुक्रार फुगो सोडतले म्हणतत?"

मी म्हटलं, आपल्या यानात तरी फुगा नाही, पण कल्पना खरी आहे. मागे सोडलेही आहेत. त्यावर ते जरा थांबले आणि हातातली ताडपत्री झटकून म्हणाले, "हयसर एका पावसात ताडपत्रेच्यो चिंध्यो होतत, आणि थयसर ॲसिडात फुगो टिकतलो?"

आधी बातमीचा खुलासा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इस्रोच्या शुक्र मोहिमेला १२३६ कोटी रुपये मंजूर केले. उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. हे यान शुक्राभोवती फिरत राहणार, खाली काही सोडणार नाही. मोहिमेच्या सुरुवातीच्या चर्चांत मात्र फुगा होता, आणि तिथूनच तो मोबाइलवरच्या निरोपांत शिरला असावा. दुसरीकडे अमेरिकेत शुक्रासाठीच्या फुग्याच्या चाचण्या झाल्या आहेत. म्हणजे तात्यांचा प्रश्न आज ना उद्या उत्तर मागणारच.

मी त्यांना उलट विचारलं, मागच्या वर्षीची ताडपत्री नेमकी कुठे फाटली होती? त्यांनी बोट ठेवून दाखवलं. घडी होती तिथे, दोरीच्या कडीजवळ, आणि वाशाचं टोक घासत होतं तिथे. मधल्या मोकळ्या भागात एक भोक नव्हतं. परग्रहावर जाणाऱ्या फुग्याची काळजी करणारे इंजिनिअरही फिरून फिरून याच तीन जागांवर येतात.

आधी, तरंगतो कसा?

जाळ्याचा बोया पाण्यावर तरंगतो, कारण तो जेवढं पाणी बाजूला सारतो त्याचं वजन बोयाच्या वजनापेक्षा जास्त असतं. फुगा हा हवेतला बोया. समुद्रकाठी एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं, आणि तेवढ्याच हेलियमचं दोनशे ग्रॅमसुद्धा नाही. मधला फरक म्हणजे फुग्याला उचलता येणारं ओझं. त्यात फुग्याचं स्वतःचं कापडही आलं.

शुक्राची हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे आपल्या हवेपेक्षा दीडपट जड. त्यामुळे तिथे आपली साधी श्वासाची हवा भरलेला फुगासुद्धा तरंगेल. जमिनीवर मात्र हाल आहेत. तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस, आणि दाब आपल्या ९२ पट. समुद्रात नऊशे मीटर खोल गेल्यावर जेवढा दाब लागेल तेवढा. १९८२ मध्ये उतरलेलं सोव्हिएत 'व्हेनेरा १३' तिथे १२७ मिनिटं तग धरून होतं, आणि तेवढ्यावरच त्याचं कौतुक झालं.

पण पन्नास-पंचावन्न किलोमीटर वर गेलं की चित्र पालटतं. दाब पृथ्वीवरच्या निम्मा ते पूर्ण, आणि तापमान वरच्या अंगाला मे महिन्यातल्या देवगडसारखं. सूर्यमालेत पृथ्वीबाहेर इतकी सोसवणारी जागा दुसरी क्वचितच सापडेल. फक्त तिथे पाय टेकायला काही नाही. म्हणून फुगा.

उघड्या तोंडाचा आणि बंद तोंडाचा

हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र आहे. तिथून शास्त्रीय उपकरणं घेऊन प्रचंड फुगे वर जातात. डिसेंबर २०२२ मध्ये तिथून सुटलेल्या फुग्याला बांधलेली एक कुपी तेलंगणातल्या विकाराबाद भागात शेतात उतरली, तेव्हा आकाशातून काय पडलं ते बघायला गाव लोटला होता. हे फुगे दुधाच्या पिशवीच्या जातीच्या, पण तिच्याहून कितीतरी पातळ प्लास्टिकचे असतात आणि त्यांचं तळाचं तोंड उघडं असतं. उन्हाने गॅस फुगला की जास्तीचा खालून निघून जातो. कापडावर ताण येत नाही.

यात मेख आहे ती रात्रीची. गॅस थंड होऊन आकसतो, फुगा खाली येऊ लागतो, मग सोबत आणलेलं वजन टाकून हलकं व्हायचं. दिवसा गॅस गमवायचा आणि रात्री वजन. अशा हिशोबात शिल्लक किती दिवस पुरणार?

दुसरा प्रकार बंद तोंडाचा. याला 'जास्त दाबाचा फुगा' म्हणतात, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा मुद्दाम थोडा जास्त ठेवतात. जाळ्यातून काढल्यावर टम्म फुगलेला केंड मासा बघा. दाबला तरी आकार सोडत नाही. या फुग्याचंही तसंच. दिवस असो वा रात्र, त्याचं आकारमान जवळजवळ तेच राहतं. आकारमान तेच आणि वजन तेच, म्हणजे तो एका ठरावीक उंचीवरच तरंगणार. काही टाकायला नको, काही सोडायला नको.

परग्रहासाठी बहुतेक वेळा हाच निवडतात. पण त्याची किंमत सगळी कापडाला मोजावी लागते. केंडाची कातडी जाड असते. आपल्याला मात्र हलकी, पातळ आणि तरीही न ताणणारी कातडी हवी.

माठ फुटलेला नसतो, तरी झिरपतो

फुगा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 'फट्' येतं. आमच्याकडे कुणकेश्वरच्या जत्रेत दर दहा मिनिटांनी एक फट् आणि त्यापाठोपाठ एका पोराचं रडणं ऐकू येतं. (जत्रेतल्या गॅसच्या फुग्यात बहुधा हायड्रोजन असतो, आणि तो पेटतो. पोरांना विडी-उदबत्तीजवळ नेऊ नका.) पण जे फुगे घरी सुखरूप पोचतात त्यांचं काय होतं आठवा. रात्री छताला टेकलेला फुगा सकाळी जमिनीवर लोळत असतो. फुटलेला नसतो, गाठही सुटलेली नसते.

गॅस रबरातून गाळून निघून गेलेला असतो. मातीचा माठ जसा तडा नसतानाही बाहेरून ओला असतो, तसं. हेलियमचे अणू इतके बारीक की रबर, प्लास्टिक यांच्या रेणूंच्या फटींतून ते वाट काढतात. वाढदिवसाचे चंदेरी फुगे जास्त दिवस टिकतात, कारण त्या प्लास्टिकवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि धातूतून हेलियमला सहसा जाता येत नाही. परग्रहाच्या फुग्यातही हाच चंदेरी थर असतो. तो गॅस अडवतो आणि ऊनही परतवतो.

आता गंमत बघा. बंद फुग्यातून हेलियम झिरपू लागला तर तो खाली येईल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. आत अजून जास्तीचा दाब आहे तोवर आकारमान तेच राहतं, आणि वजन मात्र गेलेल्या गॅसइतकं कमी होतं. म्हणजे गळका फुगा आधी किंचित वरच जातो! सगळं ठीक चाललंय असं भासतं. मग एखाद्या रात्री गॅस थंड होतो, शिलकीतला दाब संपतो आणि कातडी ढिली पडते. तिथून फुगा बुडायला लागतो. खाली बाहेरचा दाब वाढत जातो, त्याने तो आणखी आकसतो, आणि वाटेत थांबायला काही कारणच उरत नाही.

म्हणून फुग्याचं आयुष्य मोजायचं तर शिलकीतला दाब किती आणि रोज तो किती झिरपतो, हे बघायचं.

हेलियमचं आणि विजयदुर्गाचं

हेलियमचा विषय निघाला आणि लिहिणारी देवगडची असेल तर विजयदुर्ग यायलाच हवा. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं सांगतात. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो, पण तपशील थोडा सरळ करायला हवा. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेकडे लक्ष गेलं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ यानसेन गुंटूरला होते. इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, आपल्या देशातून ती रेषा पाहिली आणि हा नवा मूलपदार्थ असावा असं पुढे मांडलं. लॉकियरसाहेब विजयदुर्गाला खरंच आले होते, पण ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याआधी तीन वर्षं, १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर एका खनिजात सापडला होता.

सूर्यात सापडलेला हा वायू परग्रहांच्या फुग्यांत जातो. तो कशाशीच संयोग पावत नाही, पेटत नाही, आम्लाला दाद देत नाही. दोष एकच, घरात राहत नाही.

कातडीवर ताण किती?

इथे एक छोटा हिशोब करते. गणित नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

समजा साडेतीन मीटर व्यासाचा गोल फुगा आहे आणि आत बाहेरच्यापेक्षा ३० मिलिबार दाब जास्त आहे. ३० मिलिबार म्हणजे फार नाही. विहिरीत फूटभर खाली बुडी मारली की कानांना जेवढं लागतं तेवढं. पण त्या फुग्याच्या कापडाची एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी घेतली तर तिच्यावर अडीच-पावणेतीन किलो वजन टांगल्यासारखी ओढ असते. सतत, सगळीकडून. फुग्याचा व्यास दुप्पट केला आणि दाब तोच ठेवला, तर ओढ दुप्पट होते.

म्हणजे मोठ्या फुग्याला जाड कापड हवं, जाड कापडाला वजन जास्त, वजनाला आणखी मोठा फुगा. या फेऱ्यातून सुटायची एक युक्ती नासाने पृथ्वीवरच्या महाकाय फुग्यांत वापरली आहे. गोल करण्याऐवजी लाल भोपळ्याच्या आकाराचा, फाका फाका असलेला फुगा. प्रत्येक फाकेच्या शिवणीवर एक मजबूत दोरा. ओढ दोऱ्यांनी घ्यायची, प्लास्टिकने फक्त दोन दोऱ्यांमधली जागा भरायची. फाक आखूड वळणाची असल्यामुळे तिच्यावर ताण कमी येतो.

असे दोन फुगे २०२३ मध्ये न्यूझीलंडहून सुटले. एप्रिलमध्ये सुटलेला जवळपास ४० दिवस राहिला, दक्षिण गोलार्धाला प्रदक्षिणा घालत, आणि ठरवून अर्जेंटिनात उतरवला. मे महिन्यातला दीड-दोन दिवसांतच गळू लागला, म्हणून तो पॅसिफिकमध्ये बुडवावा लागला. जात तीच, सोडण्याची जागा तीच, मध्ये एक महिन्याचं अंतर. एका फुग्यावरून दुसऱ्याची खात्री देता येत नाही, आणि परग्रहावर तर दुसरा फुगा हाताशीच नसतो.

"पण ॲसिडचं काय?"

तात्यांचा मुख्य मुद्दा हाच होता, आणि गंमत म्हणजे इंजिनिअरांना तो त्यातल्या त्यात सोपा वाटतो.

शुक्राचे ढग गंधकाम्लाच्या थेंबांचे आहेत. बॅटरीत असतं तेच आम्ल, पण कितीतरी तीव्र. नायलॉन, पॉलिएस्टर यांची त्यात वाट लागेल. टेफ्लॉनला मात्र ते काही करत नाही. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. म्हणजे आम्लाचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे.

अडचण त्याच्या पुढची. टेफ्लॉन ओढीला फारसं मजबूत नाही आणि त्यातून हेलियमही झिरपतो. मग थरावर थर द्यायचे. बाहेर टेफ्लॉन आम्लासाठी, आत धातूचा मुलामा गॅससाठी आणि उन्हासाठी, त्याच्याही आत मजबूत धाग्याचं विणकाम ओढीसाठी. अमेरिकेत साडेपाच मीटर व्यासाचा असा एक फुगा बनवून तपासला गेला. त्यात व्हेक्ट्रान नावाचा धागा होता.

आता हे थर एकमेकांना चिकटवायचे कसे? ज्याला घावन चिकटत नाही त्याला गोंद तरी कसा चिकटणार! टेफ्लॉनचा पृष्ठभाग आधी रसायनांनी खरवडून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे तो काही धरून ठेवतो. आणि फुगा एका तुकड्यातून होत नाही. पाकळ्या कापून जोडाव्या लागतात. प्रत्येक जोडावर आम्लाला आत शिरायला वाट मिळू शकते. म्हणून जोडावर पुन्हा टेफ्लॉनची पट्टी. पसरलेल्या कापडात आम्ल हरतं. शिवणीत मात्र ते दबा धरून बसू शकतं, आणि चाचण्यांत सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं.

जुना सातबारा

माझ्या मते सगळ्यात मोठा शत्रू घडी. आणि त्याच्याविषयी सगळ्यात कमी बोललं जातं.

घरातला जुना सातबारा काढून बघा. चार घड्या घालून वर्षानुवर्षं पेटीत ठेवलेला. तो घडीच्या रेषेवर विरतो, पण आरपार भोक पडतं ते दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथे. कागद तिथे दोन्ही दिशांनी मोडलेला असतो. फुग्याचंही तसंच. खोलीएवढा फुगा घड्या घालून एका लहान डब्यात कोंबायचा. तो डबा महिनोन् महिने अंतराळात. प्रवासाआधीची साठवण वेगळीच. घडीच्या कोपऱ्यात धातूचा मुलामा तडकतो आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. एक भोक काही करत नाही. शंभर भोकं मिळून माठ होतो.

मग तो उघडायचा. यान काही किलोमीटर दर सेकंद अशा वेगाने वातावरणात शिरतं, तापतं, पॅराशूट उघडतं, आणि पडता पडताच पिशवीतून फुगा ओढून बाहेर काढायचा आणि भरायचा. जमिनीवर पसरून, सुरकुत्या काढून, हळूहळू गॅस सोडायची सोय नाही. वारा फडफडवतोय, दोऱ्यांना हिसके बसतायत. कडीजवळ ताडपत्री फाटते ती अशाच हिसक्यांनी.

इंटरनेट पुरवण्यासाठी आकाशात फुगे सोडणारा गूगलच्या घराण्यातला 'लून' प्रकल्प आठवत असेल. २०२१ मध्ये तो बंद झाला. त्यांनी गळतीचा पाठलाग करताना कारखान्यात फुग्याच्या प्लास्टिकवरून चालणाऱ्या माणसांच्या पायांतले मोजे किती मऊ असावेत, हेसुद्धा तपासलं होतं. हसू येतं खरं, पण त्यांचा एक फुगा ३१२ दिवस आकाशात राहिला.

१९८५ मध्ये काय झालं

आता झालेल्या गोष्टीकडे. डिसेंबर १९८४ मध्ये सोव्हिएत संघाने 'व्हेगा १' आणि 'व्हेगा २' ही दोन यानं सोडली. त्यांना पुढे हॅलेच्या धूमकेतूकडे जायचं होतं. वाटेत जून १९८५ मध्ये त्यांनी शुक्रावर एक-एक फुगा टाकला. परग्रहाच्या हवेत फुगा सोडण्याचा तो पहिला प्रयोग, आणि आजवरचा शेवटचा.

फुग्याची कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ जाक ब्लामाँ यांची. आपल्याकडे त्यांची ओळख वेगळी आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंबाहून पहिलं रॉकेट उडालं, त्यातलं सोडियम वाफेचं उपकरण त्यांच्या मदतीने आलं होतं. विक्रम साराभाईंचे ते मित्र. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फुगे साडेतीन मीटर व्यासाचे, टेफ्लॉनच्या कापडाचे. फुगा, गॅस, दोर, उपकरणं सगळं मिळून एकवीस किलो. भाताचं एक लहान पोतं. दोन्ही रात्रीच्या बाजूला सोडले. ५४ किलोमीटर उंचीवर भरायला घेतले, भरता भरता ५० किलोमीटरपर्यंत घसरले, मग रिकाम्या टाक्या आणि सोबतचं वजन टाकून पुन्हा वर आले. जगभरच्या वीसेक मोठ्या अँटेना कान लावून बसल्या होत्या.

दोन्ही फुगे सुमारे ४६ तास बोलत राहिले. दोघांनी प्रत्येकी अकरा हजार किलोमीटरच्या वर अंतर कापलं. मग गप्प झाले. का? फुटले नाहीत, विरले नाहीत, आम्लाने खाल्ले नाहीत. बॅटरी संपली. ती तेवढीच बसवली होती.

"एवढ्या वाऱ्यात फाटणार नाही?"

त्या उंचीवर वारा ताशी अडीचशे किलोमीटरच्या जवळपास. आपल्या किनाऱ्यावर २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा त्याच्या निम्म्या वेगाने दापोली-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळी झोपवल्या. मग फुग्याचं काय होईल, असं वाटणं साहजिक आहे.

पण नारळ जमिनीला बांधलेला असतो. फुगा कशालाच बांधलेला नाही. खाडीत ओहोटीच्या ओढीला होडी नुसती सोडून दिली, तर तिच्या कडेला पाणी खळखळत नाही, कारण होडी आणि पाणी बरोबरच चाललेले असतात. तसा फुगा वाऱ्याबरोबर जातो आणि त्याच्यापुरती हवा जवळजवळ शांत असते.

आडव्या वाऱ्याने बिघडत नाही, उभ्याने बिघडतं. समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर आपटून वर चढतो आणि पलीकडे उतरतो, तसं शुक्रावरही डोंगर आहेत. व्हेगा २ चा फुगा अशा डोंगराळ प्रदेशावरून जाताना खाली जाणाऱ्या झोतात सापडला आणि दोन-अडीच किलोमीटर खाली ढकलला गेला. सुदैवाने तो पुन्हा वर आला.

नव्या आराखड्यांत तर फुग्याने मुद्दाम वर-खाली जावं असा विचार आहे. फुग्यात फुगा. आतला लहान, मजबूत, जास्त दाबाचा, बाहेरचा मोठा आणि सैल. आतला हेलियम बाहेरच्यात सोडला की वर, पंपाने परत आत कोंबला की खाली. मासा पोटातल्या हवेच्या पिशवीने हेच करतो, आणि घोळीची तीच पिशवी बाजारात सोन्याच्या भावाने जाते. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने अशा फुग्याचा एक-तृतीयांश आकाराचा नमुना २०२२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात उडवून पाहिला. शुक्रावर ५२ ते ६२ किलोमीटरच्या पट्ट्यात फिरायचा बेत आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने मला इथे जरा धाकधूक वाटते. दर फेरीत सैल कापड दुमडणार आणि उलगडणार. पुन्हा घडीच.

मंगळ आणि टायटन, थोडक्यात

मंगळाची हवा आपल्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकीच दाट आहे. एक किलो हवा बाजूला सारायला पन्नास-साठ घनमीटरचा फुगा लागतो, म्हणजे छोट्या खोलीएवढा. कापड इतकं पातळ ठेवावं लागतं की उघडतानाच भोकं पडायची भीती. फ्रेंचांनी नव्वदच्या दशकात मंगळाच्या फुग्यावर बरंच काम केलं, पण ते रद्द झालं. पुढे तिथे उडायचा मान २०२१ मध्ये 'इंजेन्युइटी' या लहानशा हेलिकॉप्टरने मिळवला.

शनीचा चंद्र टायटन म्हणजे फुग्यांसाठी जणू आजोळ. हवा आपल्या चौपट दाट, गुरुत्व सातव्या हिश्शाइतकं, आणि दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ नाहीच. थंडी मात्र उणे १७९ अंशांची. साधं प्लास्टिक काचेसारखं तडकेल, म्हणून त्या थंडीतही लवचीक राहणारं कापड लागतं. पण तिथे गरम हवेचा, उघड्या तोंडाचा फुगा चालतो. किरणोत्सारी वीजघटाची वाया जाणारी ऊब त्याला पुरेल. आणि गरम हवेच्या फुग्याला बारीक भोकांचं भय नाही, कारण हवा बाहेरचीच, आत आली की पुन्हा तापते. शुक्रावर ज्या एका गोष्टीसाठी एवढा जीव जाळावा लागतो, तिची इथे पर्वाच नाही. तरीही टायटनवर जाणारं पुढचं यान, २०२८ मध्ये निघणारं 'ड्रॅगनफ्लाय', पंख्यांवर उडणारं आहे. फुगा वाऱ्याच्या मर्जीवर, आणि शास्त्रज्ञांना हवं तिथे उतरायचं आहे.

"मग पुन्हा हेलियम का भरत नाहीत?"

हा प्रश्न आमच्या शाळेतल्या एका मुलीने विचारला होता. चांगला आहे. गॅस हलका असतो, पण त्याची टाकी हलकी नसते. दाबाखालच्या हेलियमची टाकी आतल्या गॅसच्या कितीतरी पट जड. ती बरोबर न्यायची तर तिला उचलायला फुगा आणखी मोठा हवा, आणि मोठ्या फुग्यातून झिरपही जास्त. व्हेगाने टाक्या टाकून दिल्या त्या याचसाठी.

शिवाय शंभर दिवसांची गरज आहे का, हेही बघावं लागतं. त्या उंचीवरचा वारा सहा-साडेसहा दिवसांत शुक्राला वळसा घालतो. तीनेक दिवस ऊन, तीनेक दिवस अंधार. बॅटरीऐवजी सौरपट्ट्या लावल्या, तर फुग्याला अंधाराचा पहिला टप्पा पार करावा लागतो. खरी परीक्षा तीच. गॅस थंड, वीज बंद, शिलकीतला दाब कमी. एक अंधार निभावला की दुसऱ्याची आशा धरायची. व्हेगाचे फुगे अंधारातून उजेडात गेले होते. उजेडातून अंधारात शिरून पुन्हा बाहेर येताना अजून कुणी पाहिलेलं नाही.

एवढं ऐकून झाल्यावर तात्यांनी वरून विचारलं, "मगे ते दोन फुगे अजून फिरतत?"

नाही. बॅटरी संपल्यावर ते किती काळ तरंगले ते बघायला तिथे कुणी नव्हतं, पण हेलियम झिरपायचा थांबला नसणार. कधीतरी एका अंधारात कातडी ढिली पडली असेल आणि ते खाली निघाले असतील. टेफ्लॉन सुमारे ३२७ अंशांना वितळतं. जमीन ४६५ अंशांवर. म्हणजे आम्लाने जे केलं नाही ते उष्णतेने केलं असणार, आणि तेही जमिनीला टेकायच्या आधीच.

तात्या काही बोलले नाहीत. शिडीवरून उतरले, पडवीतून सायकलची जुनी ट्यूब आणली, कातरून वाशाच्या टोकाला गुंडाळली, आणि मग ताडपत्री ओढायला सांगितली.